शिदोरीवरची गाडी

आमच्या घराला दार नव्हतं, शटर होतं. थेरगावात, डांगे चौकाच्या अलीकडच्या एका गल्लीत पुढे बाबांचं गॅरेज, त्याच्या मागे स्वयंपाकघर आणि वर एक खोली, असं ते घर. सकाळी शटर वर गेलं की घर उघडायचं आणि संध्याकाळी ते धाडकन खाली आलं की घर मिटायचं. आईच्या फोडणीला ऑइलचा वास आणि बाबांच्या कपड्यांना लसणाचा. कॉम्प्रेसर सुरू झाला की भांड्यांच्या मांडणीवरचे पेले बारीक आवाजात थरथरत. आई बोलता बोलता एका हाताने ते धरून ठेवायची आणि आपण तसं करतोय हे तिच्या ध्यानीही नसायचं. आता मी जिथे राहते तिथे सगळं शांत आहे. तरी मोठा आवाज झाला की माझाच हात पेल्याकडे जातो.

आईबाबा मूळचे बीडकडचे. लग्न झाल्यावर इकडे आले ते आलेच. बाबांची बोली कारखान्यात आणि गिऱ्हाइकांत घासून घासून पुण्याकडची झाली, आईची मात्र होती तशीच राहिली. दादा महापालिकेच्या शाळेत शिकला. मला बाबांनी हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत मी मराठी बोलले की बाई रागवत आणि घरी तोंडातून इंग्रजी शब्द निघाला की दादा उभा राहून सलाम ठोकायचा, "येस मॅडम." त्यामुळे मी दोन्हीकडे कमी बोलायला शिकले. जो कमी बोलतो त्याच्यासमोर माणसं जरा बेसावध असतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसलं की पुढे गॅरेज आणि मागे चूल असं सगळं दिसायचं. माझं लहानपण त्या उंबऱ्यावर गेलं.

वर्षातून एक दिवस आई उंबरा ओलांडून गॅरेजमध्ये यायची, तो खंडेनवमीचा. एरवी ती गाडीला हात लावत नसे. "त्या तुमच्या लेकी, तुम्ही बघा," म्हणायची. पण त्या दिवशी पाने, हातोड्या, कॉम्प्रेसर, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं आणि मग गाड्यांची पाळी. दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकांच्या गाड्याही त्यात आल्या. आई ताट घेऊन एकेका गाडीपुढे उभी राहायची, आधी किल्ली फिरवायची, दिवा लावायची आणि मगच ओवाळायची.

"अगं, लोकांच्या बॅटऱ्या खाशील," बाबा म्हणायचे.

"खाऊ द्या. निजलेल्याला ओवाळू नये. आधी जागं करावं, मंग ओवाळावं."

तिच्या माहेरची ही रीत होती. तिथे बैलालासुद्धा उठवून उभं केल्याशिवाय ओवाळत नसत. ती किल्ल्या फिरवत पुढे जायची, तिच्यामागे गाड्यांचे दिवे ओळीने लागत जायचे आणि बाबा तिच्या मागून एकेक किल्ली बंद करत यायचे. पुढे उजेड, मागे अंधार, अशी ती दोघं गॅरेजभर फिरायची. दादा आणि मी हसत सुटायचो. त्यांच्या संसाराचं इतकं चांगलं चित्र माझ्याजवळ दुसरं नाही.

दादाला रेसचं वेड कधी लागलं हे कुणी सांगू शकणार नाही. गॅरेजात वाढलेल्या पोराला ते लागणारच. एक जुनी टू-स्ट्रोक गाडी बाबांनी त्याला उभी करून दिली होती आणि ती घेऊन तो आसपासच्या मातीच्या ट्रॅकवर पळायचा. एक-दोनदा कप आणला. तो कप आईने साखरेच्या डब्याशेजारी ठेवला आणि त्यात हिरव्या मिरच्या ठेवायला लागली. पण रेस म्हणजे पोट नव्हे, हे तिचं म्हणणं पक्कं होतं. त्या वर्षी चाकणजवळ मोठी रेस ठरली. एका रेसिंग टीमचे मॅनेजर ती बघायला येणार होते आणि टू-स्ट्रोकच्या गटात जो पहिला येईल त्याला ते पुढच्या हंगामासाठी टीममध्ये घेणार होते. त्याच सुमारास दादाचं चाकणच्या एका कंपनीत कंत्राटी काम पक्कं झालं. रविवारी रेस, सोमवारी सकाळी कंपनीत हजर. आईने दादाला समोर बसवून कबूल करून घेतलं. पहिला आलास तर टीम, नाही तर मुकाट्याने कंपनी. दादा हसला होता. "आई, कंपनीला सांग, विनायक येत नाही म्हणून."

गाडी हलकी कशी करायची यावर बाप-लेकाचं बोलणं चाले. दादाने मोबाइलवर कुठलं तरी इंग्रजी पान काढलं आणि मला हाक मारली. "मॅडम, जरा वाचा की आमच्यासाठी." मी वाचून सांगितलं. इंजिनाच्या एका टोकाला जड मॅग्नेट असतो. गाडी चालू असेपर्यंत तो फिरतो आणि बॅटरी भरत राहतो. रेसवाले तो काढून टाकतात. इंजिनाचं ओझं उतरतं आणि गाडी चटकन उसळी घेते. मात्र मग बॅटरी भरणारं कुणी उरत नाही. घरून भरून न्यायची आणि तेवढ्यावर रेस संपवायची. "याला टोटल लॉस म्हणतात," मी म्हणाले.

बाबा नुसती मान हलवत होते. त्यांना हे ऐकून माहीत होतं, करून बघितलं नव्हतं. पण स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. 'टोटल लॉस' हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. अपघातात चेंदामेंदा झालेली गाडी विम्याचा माणूस बघायला आला की तोच शब्द बोलून जायचा आणि मग ती गाडी भंगारात जायची.

"लॉस?" आई म्हणाली. "पळायच्या आधीच लॉस? आसलं नाव नका घेऊ लेकराच्या गाडीचं."

"अगं, नाव आहे नुसतं," बाबा म्हणाले आणि त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. मॅग्नेट म्हणजे काय, तो का काढायचा. आईने नीट ऐकून घेतलं.

"मंजी शिदोरी बांधून दिली की तेवढ्यावर जायचं," ती म्हणाली. "वाटंत कुणी वाढणार न्हाई."

"बरोब्बर!" दादा ओरडला. "मॅडम, तुमच्या इंग्रजीपेक्षा आईचं भारी."

तेव्हापासून ती शिदोरीवरची गाडी झाली. बाबांनी मॅग्नेट काढला, दिवा, हॉर्न, त्यांच्या वायरी सगळं उतरवलं. हँडलजवळ नुसती किल्ली राहिली. किल्ली फिरवली तरी कुठे काही लागायचं नाही की वाजायचं नाही. म्हणून बाबांनी दादाला आणि मला बजावून ठेवलं होतं, "हिची किल्ली किक मारतानाच फिरवायची. नुसती चालू राहिली ना, तर टाकीखालची कॉइल उभ्या उभ्या तापत राहील, बॅटरी पिऊन टाकेल आणि कळायचंसुद्धा नाही." आईला हे सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती कुठे गाडीला हात लावत होती, वर्षातला एक दिवस सोडून.

रविवारी आई अंधारातच उठली होती. धपाटी, शेंगदाण्याची चटणी आणि दही असं सगळं तिने एका फडक्यात बांधलं. रेस बघायला ती कधी येत नसे, पण त्या दिवशी येणार होती. नवी साडी नेसली होती. गाडी शटरसमोर धुऊन पुसून उभी होती. बाबा टेम्पोवाल्याला वाट दाखवायला कोपऱ्यावर गेले होते, दादा वर बूट घालत होता. आई ताट घेऊन बाहेर गेली. मी उंबऱ्यावर होते. मला तिची पाठ दिसत होती, ताटातल्या निरांजनाचा उजेड टाकीवर हलताना दिसत होता. तिने पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडीला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. हँडलला हात लावून काही तरी पुटपुटली आणि मग ओवाळलं. मग आत येऊन म्हणाली, "चला, दोन घास खाऊन घ्या. टेम्पो आला की घाई हुईल."

टेम्पो उशिरा आला. आम्ही पोहे खाल्ले, चहा झाला, दादाने अजून एक चहा मागितला आणि आईने त्याला, "पळायच्या आधी पोट डचमळंल," म्हणून अर्धाच दिला. मग टेम्पो गल्लीत शिरला आणि बाबा गाडी चढवायला पुढे झाले. त्यांनी हँडल धरलं आणि ते थांबले. त्यांचा हात किल्लीवर गेला, किल्ली मागे फिरली. मग त्यांनी टाकीच्या खाली, आत, तळवा घातला आणि तो तिथेच ठेवला. ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. त्यांनी वळून आईकडे बघितलं. ती शेजारच्या काकूंना सांगत होती, "हाव, मी बी चाललेय. पोराची रेस हाय." बाबांनी हात बाहेर काढला, पँटला पुसला आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "फळी लाव रे."

पाहिलं सगळं, पण त्याचा अर्थ मला दुपारी लागला.

मैदान म्हणजे चाकणच्या पुढे कुणाचं तरी पडीक शेत होतं. पलीकडे कंपन्यांचे पांढरे पत्रे चमकत होते. पोचल्या पोचल्या बाबा बॅटरी काढून मांडववाल्याच्या जनरेटरकडे गेले. "बसल्या बसल्या भरून घेतो जरा," एवढंच आईला म्हणाले. चिमुकली बॅटरी, पण तिला घाई करून चालत नाही. नाव पुकारलं तेव्हा त्यांनी ती आणून बसवली आणि दादाला म्हणाले, "वॉर्म-अपचा राउंड नको मारू."

"का? सगळे मारतायत की."

"नको म्हणतोय ना. सरळ रेसलाच चालू कर."

दादा वैतागला, पण ऐकलं त्याने. आईने त्याच्या हेल्मेटवरून, काचेवरूनच बोटं फिरवून कानशिलावर मोडली. आजूबाजूची पोरं हसली. "काकू, आमची पण काढा की दृष्ट," एक जण म्हणाला. "ये इकडं," आई म्हणाली आणि खरंच काढली. ते पोरगं लाजून पळालं.

रेस सुरू झाली आणि दादा पहिल्या वळणापासून पुढे होता. मला गाड्यांतलं फार कळत नाही, पण ती गाडी त्या दिवशी उडत होती. बाकीच्या गाड्या वळणातून बाहेर येताना जड वाटत, दादाची हात सोडलेल्या पतंगासारखी वर यायची. जमीन ज्यांची होती ते म्हातारे गृहस्थ आमच्याशेजारी उभे होते. "कुणाचं पोरगं वो ते? लई झ्याक पळतंय राव," ते म्हणाले आणि आईने मान उंच करून सांगितलं, "आमचंच." बाबा मात्र ट्रॅककडे बघत नव्हते. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ते आवाज ऐकत होते.

शेवटच्या फेरीत तो आवाज बदलला. आधी एक ठेच, मग दुसरी. गाडी खोकल्यासारखी करायला लागली. लांबच्या वळणावर ती थांबली तेव्हा एकदम इतकं शांत वाटलं की स्पीकरवरचा माणूस काय बोलतोय तेही मला कळेना. एक गाडी त्याच्या बाजूने गेली, मग दुसरी, मग सगळ्या. दादाने किका मारल्या. मग तो उतरला आणि ढकलत ढकलत गाडी रेषेपर्यंत घेऊन आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांपेक्षा ते हसले असते तर बरं झालं असतं.

"रात्रभर चार्जिंगला होती!" हेल्मेट काढून दादा बाबांवर ओरडला. उभ्या जन्मात तो त्यांच्यावर ओरडला नव्हता. "मग बसली कशी?"

"बॅटरी जुनी होती रे."

"जुनी? मागच्या आठवड्यात आपण दोघांनी आणली!"

बाबांना खोटं बोलायची सवय नव्हती. ते गोंधळले. "मग माल खराब निघाला असेल. मी बघून घ्यायला पाहिजे होता. माझं चुकलं."

"वॉर्म-अप करू दिला नाही, काही नाही. तुम्हाला माहीत होतं! माहीत होतं ना?"

"माझं चुकलं म्हणतोय ना, विनायक."

आई फडक्यातली धपाटी सोडत होती. तिचा हात गाठीवर थांबला. "आगं बाई, उतरली व्हय बॅटरी?" ती म्हणाली. त्या म्हाताऱ्यांनीच सांत्वन केलं, "पोरानं काय बी कमी केलं न्हाई वो. गाडीनंच दगा दिला." धपाटी कुणी खाल्ली नाहीत. येताना टेम्पोत पुढे बाबा आणि चालक, मागे गाडीला धरून दादा, आणि त्याच्याकडे पाठ करून आम्ही दोघी. नाशिक फाट्याच्या आसपास आई माझ्या कानाशी आली.

"रुपे, किल्ली चालू राह्यली तर बॅटरी उतरती का गं?"

टेम्पोचा आवाज होता, मी ऐकलंच नाही असं दाखवता आलं असतं. "मला नाही माहीत, आई," मी म्हणाले.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुला तर समदं म्हाईत असतंय," ती म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून बाहेर बघायला लागली.

घरी आल्यावर दादाने कुणाशी न बोलता गाडी धुवायला घेतली. रेस हरली तरी गाडी मळकी ठेवायची नाही, ही बाबांचीच शिस्त. मी उंबऱ्यावर बसले होते. चाकं धुतली, टाकी पुसली, मग फडकं घेऊन तो हँडलकडे आला आणि वाकला. किल्लीच्या घराभोवतीच्या खाचेत कुंकू बसलं होतं. किल्लीच्या डोक्यावर आईच्या बोटांचे दोन लाल ठसे होते, आणि खाचेत अक्षतांचा एक दाणा अडकलेला. दादा त्याकडे बघत उभा राहिला. त्याने स्वयंपाकघराकडे नजर टाकली. आई पाठमोरी, पेले धरून उभी होती, आणि कॉम्प्रेसर तर बंद होता.

त्याने ते कुंकू पुसलं नाही. फडकं पिळून वाळत टाकलं. आत आला, आईच्या हातून धपाटं घेतलं आणि उभ्यानेच खाल्लं. मग पायरीवर बसलेल्या बाबांकडे गेला. मला वाटलं, आता बोलेल.

"उद्या लवकर उठवा मला," तो म्हणाला. "फर्स्ट शिफ्ट आहे."

बाबांनी मान हलवली. दादाने त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकल्यासारखं केलं. धूळ तिथे नव्हती.

त्यानंतर आमच्या घरात त्या रेसचा विषय निघाला नाही. दादा पहाटे कंपनीच्या बसने चाकणला जाई आणि परत येताना खिडकीला डोकं टेकून झोपलेला असे. बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबे, तेव्हा मी कॉलेजातून येताना कितीदा तरी त्याला तसा पाहिला आहे. इतक्या वेगात जाणाऱ्या माणसाला इतकं गाढ झोपलेलं बघवत नसे. त्या टीमने दुसऱ्याला घेतलं. दापोडीचा एक जण येऊन गाडी घेऊन गेला. मॅग्नेट तेवढा फळीवर राहिला. त्याला बारके स्क्रू चिकटून असायचे, आणि शिवताना सुई हरवली की आई तो फरशीवरून फिरवायची.

आईने पुन्हा कधी गाडी ओवाळली नाही. पुढच्या खंडेनवमीला तिने ताट तयार केलं, उंबऱ्यापर्यंत आणलं आणि माझ्या हातात दिलं. "तूच ओवाळ. माझे हात वले हायत." हात कोरडे होते. पुढे दरवर्षी तिचे हात असेच 'वले' असायचे. मी किल्लीला न शिवता ओवाळायची, निजलेल्या गाड्यांना, आणि बाबा मागून यायचे ते नुसतेच. बंद करायला काही नसायचं. तिला कळलं होतं हे आम्हा तिघांना ठाऊक होतं, आणि आम्हाला ठाऊक आहे हे बहुधा तिलाही. एकमेकांना सांभाळण्याच्या नादात चार माणसं एका घरात किती एकटी होऊ शकतात, ते मी त्या वर्षांत पाहिलं. कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणायला हवं होतं की, अगं, एवढं काय त्यात. आम्ही नाही म्हणालो. मग तिचं आजारपण आलं, आणि ते कुणाच्या बोलण्यासाठी थांबलं नाही. ऐन उन्हाळ्यात ती गेली.

ती गेल्यानंतरच्या खंडेनवमीला मी माहेरी आले होते. गॅरेज आता बंद असतं. दादाची कंपनीत जायची मोटरसायकल तेवढी शटरसमोर उभी होती. मी ताट केलं. कुंकवाच्या करंड्यात आईच्या बोटाचा खळगा तसाच होता, मी बाजूने कुंकू घेतलं. बाबा काठी टेकून पायरीवर बसले होते. मी निरांजन उचललं, तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब."

तो पुढे झाला. त्याने किल्ली फिरवली, दिवा लावला. भर सकाळच्या उन्हात तो दिवा अगदी पिवळा, बारीक दिसत होता.

"निजलेल्याला ओवाळू नये," तो म्हणाला.

मी ओवाळलं. ज्योत लांबत होती. ओवाळून झाल्यावरही आम्ही तिघं होतो तसेच राहिलो, दिवा चालूच होता आणि किल्लीकडे कुणाचा हात जाईना. मग बाबा उठले. काठी माझ्याकडे दिली, हळूहळू गाडीशी आले आणि वाकून टाकीच्या खाली तळवा घातला. बराच वेळ ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी किल्ली बंद केली.